अर्ध्या उघड्या पंखांची टाचणी

हो, केला होता काकडीचा घोडा. पितरांना परत जायला वांग्याची गायही केली होती. काड्यांचे पाय सगळे सारख्या उंचीचे लावले होते, घोडा कलंडला नाही, गाय लंगडली नाही. (तुम्ही विचारलं नाहीत, मला माहीत आहे. पण विचारणार होतात. दर वर्षी बोनचा सण झाला की विचारता. मागे एकदा गायीचं वांगं जरा वाकडं निघालं, तर ओसाकाहून फोन करून म्हणालात, "उमेनो, माझा भाऊ परत जाताना घसरला असेल गं." घसरला असता तर मला कळलं असतं. इतकी वर्षं संसार केलाय, त्यांच्या घसरण्याचा आवाज मी झोपेतही ओळखते.)

तर ओरिए वन्संना धाकट्या भावजयीचा वाकून नमस्कार. पत्राच्या सुरुवातीला ऋतूबद्दल लिहायची रीत आहे, म्हणून लिहिते: उकडतंय. झाला ऋतू. तुमचे गुडघे कसे आहेत? तुमच्या फुलांच्या वर्गातल्या बायका अजून एक फांदी आणि दोन पानं मांडायला सबंध दुपार घालवतात का? मी बरी आहे. कंबर जिथे होती तिथेच आहे. तांदळाच्या कोंड्यातल्या लोणच्यांना यंदा छान आंबटपणा चढलाय, थोडी पाठवलीत सोबत, डबा परत पाठवा. आता मुद्द्याचं सांगते. मी जिंकले. हे आधीच लिहून टाकते, नाहीतर तुम्ही मधली पानं सोडून शेवट वाचायला जाल. ती सवय तुम्हाला लहानपणापासून आहे, असं तुमचा भाऊ सांगायचा.

काय जिंकले ते आता नीट ऐका, मी परत परत सांगणार नाही. वसंतात नगर-कचेरीतून एक माणूस आला. टाय लावलेला, घामाने थबथबलेला. म्हणाला, वरच्या वाडीचं तळं आणि खालच्या वाडीचं तळं, दोन्हींचे बांध म्हातारे झाले. भूकंप आला तर फुटतील. कचेरीला एकच बांध नव्याने बांधता येईल. दुसरं तळं मातीने बुजवायचं आणि वर गेटबॉलचं, म्हणजे म्हाताऱ्यांनी काठीने चेंडू ढकलायचं, मैदान करायचं. झालं! पाण्यावरून दोन्ही वाड्या आपल्या सासऱ्यांच्या सासऱ्यांपासून भांडतायत, त्यात हे निखारे. वरचे म्हणाले आमचं ठेवा, आम्ही म्हणालो आमचं. तेव्हा त्या माणसाबरोबर आलेली संग्रहालयाची बाई, मिनागावा नाव तिचं, (पोरगीच आहे, पण शिकवते म्हणून मी बाई म्हणते) ती म्हणाली, ज्या तळ्यावर चतुरांच्या जाती जास्त, ते तळं जास्त जिवंत, तेच ठेवा. कचेरीवाल्याला हे एकदम पटलं, कारण त्यात त्याला काही ठरवायला नव्हतं. फक्त एक शेपूट त्याने लावलं: बरोबरी झाली तर वरचं तळं राहणार, कारण त्याचा काठ आधीच सिमेंटचा आहे, काम कमी. म्हणजे आम्हाला नुसतं सारखं राहून चालणार नव्हतं.

प्रत्येक वाडीने एक माणूस द्यायचा, त्याने उन्हाळाभर आपल्या तळ्यावरचे चतुर ओळखायला शिकायचं आणि मोजणीच्या दिवशी बाईंना दाखवायचे, असं ठरलं. वाडीप्रमुखांनी विचारलं, "कोण तयार आहे?" सगळी सभा आपापल्या चहाच्या पेल्यात बघायला लागली, जणू तळ चाळून बघतायत. मला अशी टाळाटाळ सहन होत नाही. मी म्हटलं, "चतुरात शिकायचं काय डोंबल? लाल, निळा आणि मोठा. संपले." एवढंच म्हटलं. लगेच टाळ्या. वन्सं, आपल्या बोलण्यावर टाळ्या पडल्या की समजावं, काम गळ्यात पडलं.

पण खरं सांगते, कुणी टाळ्या वाजवल्या नसत्या तरी मी सोडणार नव्हते. तुमच्या भावाने जन्मभर त्या तळ्याचं बूच सांभाळलं. बांधाच्या पोटातलं ते लाकडी बूच दर वर्षी लावणीच्या आधी कमरेएवढ्या पाण्यात उतरून ओढायचं आणि पाणी खाचरांत सोडायचं, हे एकच काम ते छाती पुढे काढून करायचे. एरवी तुम्हाला माहीतच आहे. सभेत "हात वर करा" म्हटलं की सेइकिचीरावांचा हात कानापर्यंत जायचा आणि तिथे पोचल्यावर कान खाजवायला लागायचा. ना हो, ना नाही. वाडीच्या सगळ्या भांडणांत तो हात एकदाही डोक्याच्या वर गेला नाही. (आमचं लग्न ठरवायला आलात तेव्हाही कानच खाजवत होते. तुम्हीच पुढे होऊन म्हणालात, "हो म्हणतोय तो." मी अजून कधीकधी विचार करते, म्हणत होते का.) तर ते तळं बुजवायचं, आणि मी रोज सकाळी ओसरीवरून काय बघायचं? वरच्या वाडीचा जिन्पाची अर्ध्या चड्डीत चेंडू ढकलतोय ते?

हो, जिन्पाचीच. त्यांनी त्यालाच उभा केला. दुकान बंद केल्यापासून त्या न्हाव्याच्या हातांना उद्योग नाही. दुसऱ्याच आठवड्यात शहरातून सामान घेऊन आला: लांब दांड्याची जाळी, गळ्यात दुर्बीण, आणि असंख्य खिशांचा एक बिनबाह्यांचा कोट. खिशांत काय आहे विचारलं तर म्हणाला, "अजून काही नाही." मला रस्त्यात गाठून म्हणतो कसा, "उमेनो-सान, तुमच्याकडे काय उपकरणं आहेत?" मी म्हटलं, "डोळे. दोन." आणि लोणच्याची एक रिकामी बादली, पालथी घालून बसायला. तेवढ्यावर मी सुरुवात केली.

मिनागावा बाईंनी आम्हाला पहिला धडा दोघांना एकत्रच दिला. चतुर आणि टाचणी यांतला फरक. मी आजवर बारीक असतात त्यांना चतुराची पोरं समजत होते. तसं नाही. त्या टाचण्या, वेगळं घराणं. चतुर बसतो तो पंख पसरून, बसमध्ये दोन जागा अडवून बसणाऱ्या जिन्पाचीसारखा. (हे मी तिथेच म्हटलं. बाई हसल्या. तो हसला नाही.) टाचणी बसते ती पंख पाठीवर मिटून, सासूसमोर बसलेल्या नव्या सुनेसारखी. चतुराचे डोळे एकमेकांना चिकटलेले, सगळं डोकं म्हणजे डोळेच. टाचणीचे डोळे दोन बाजूंना लांब, जणू एकमेकांशी बोलणं सोडलंय. एवढं कळलं की अर्धं शास्त्र झालं, बाकीचं अर्धं उन्हात बसणं. बाईंनी एक चित्रांचं पुस्तकही दिलं, पण त्यातले सगळे पंख ताणून टाचलेले, मेलेले. घरी येऊन मी ते लोणच्याच्या पिंपावर ठेवलं. देव्हाऱ्यातल्या फोटोवरून जिवंत माणूस ओळखता येत नाही, वन्सं. माणूस चालीवरून ओळखतात.

आता माझी फजिती सांगते, कारण नाहीतर तुम्हाला वाडीतलं दुसरं कुणीतरी तिखटमीठ लावून सांगेल. आपल्याकडे मिठाचा चतुर आणि काडाचा चतुर असे दोन आहेत, हे तुम्हालाही माहीत आहे. मिठाचा म्हणजे निळसर, अंगावर मीठ भुरभुरल्यासारखा. काडाचा म्हणजे गव्हाच्या काडासारखा पिवळा-तपकिरी. लहानपणी सगळ्यांनीच कुठले जास्त धरले यावरून मारामाऱ्या केल्या आहेत. मी बाईंना ऐटीत दोन दाखवले. बाई म्हणाल्या, "एकच जात, आजी. हे नवरा-बायको आहेत." मी म्हटलं, "बाई, मी सत्तरी ओलांडलीय. मीठ आणि लोणची विकून जगलेय. मला मीठ आणि काड यांतला फरक सांगू नका." त्या नुसतं म्हणाल्या, "तुम्हीच बघा." मला अशा गरीब स्वभावाच्या माणसांचा फार राग येतो, भांडता येत नाही.

मग बघितलं. सकाळी लोणची ढवळून झाली की बादलीवर जाऊन बसायची. आणि खरंच हो! काडाची पाण्यावर खालीवर होत शेपटी आपटून अंडी टाकतेय, धुणं आपटावं तशी, आणि हा मिठाचा तिच्या डोक्यावर घिरट्या घालतोय, दुसरा कुणी आला की अंगावर धावून जातोय. ती राबतेय आणि हा राखण करतोय. असलं दृश्य नवरा-बायको असल्याशिवाय कुठे दिसणार? पुढे आणखी गंमत. त्यांची तरुण पोरंही आधी आईसारखी पिवळीच असतात. वय झालं की हळूहळू बापाचं मीठ अंगावर चढतं. म्हणजे काडाच्या रंगाचा दिसला म्हणून बाईच असेल असंही नाही. मी बाईंना निरोप धाडला: "तुमचं बरोबर होतं, पण पूर्ण नव्हतं सांगितलंत." उत्तर आलं: "पुढचं तुम्हाला सापडावं म्हणून ठेवलं होतं." अस्सल मास्तरीण आहे ती.

दुसरी फजिती बोटाची. चतुराच्या तोंडासमोर बोट गोल गोल फिरवलं की त्याला घेरी येते आणि तो धरता येतो, असं आपल्या सगळ्यांना शिकवलंय. म्हटलं, जाळीवाल्याला दाखवू. बांधाच्या कडेला एक मोठा, हिरव्या छातीचा, निळ्या कमरेचा बसला होता. (बसत नाही तो सहसा, रखवालदारासारखा तळ्यावर येरझाऱ्या घालतो.) बोट फिरवत फिरवत पुढे सरकले. त्याचं डोकं फिरायला लागलं. माझंही. कोणाला आधी घेरी आली ते सांगत नाही, पण भाजीची गाडी घेऊन जाणाऱ्याने मला गाळातून ओढून काढलं तेव्हा तो चतुर माझ्या टोपीवर बसला होता. गाडीवाला म्हणतो, "आजी, तुम्ही त्याला धरलंत की त्याने तुम्हाला?" त्याच्याकडून मी परत मुळा घेणार नाही.

त्या दिवशी मी ठरवलं. मी चतुराच्या मागे धावणार नाही, चतुराने माझ्याकडे यायचं. तुम्हाला माझा स्वभाव माहीत आहे, भात शिजेपर्यंत चार वेळा झाकण उघडते मी. पण त्या बादलीवर बसून एक गोष्ट दिसली: चतुर एका काडीवरून उडाला की फिरून त्याच काडीवर येतो. प्रत्येकाची जागा ठरलेली, गावच्या सार्वजनिक न्हाणीघरातल्या म्हाताऱ्यांसारखी. मग मी शेंगांच्या वेलांचे बांबू उपटले आणि बादलीच्या समोर पाण्यात रोवले. एक उंच, एक बुटका, एक पार पाण्यालगत, एक सावलीत. आठवड्याभरात सगळे भाडेकरू आले. उंचावर मिठाचा. त्याच्या खाली कमरेला पांढरा पट्टा बांधलेला काळा. सावलीत फुलपाखरासारखा जांभळ्या पंखांचा, तो उडतो तेव्हा काम सोडून बघत बसावं लागतं, याचा मला राग येतो. पाण्यालगत टाचण्या: एक पिवळीधमक, एक शेपटीच्या टोकाला निळा ठिपका असलेली. आणि जिथे पाणी बाहेर पडतं त्या पाटावर काळ्या पंखांची देवाची टाचणी, जी हात जोडल्यासारखे पंख हळू उघडते, हळू मिटते. सगळ्यांना मी चालीवरून ओळखायला लागले. वेलांच्या शेंगा मात्र यंदा जमिनीवर लोळल्या.

आणि मग कचेरीवाल्याने मोजणीचा दिवस कधी ठरवला, तर बोनमध्ये! म्हणाला, सुट्टी असते, सगळे घरी असतात. सगळे म्हणजे फक्त जिवंत नव्हेत, हे त्या टायवाल्याच्या लक्षात नाही आलं. बोनच्या दिवसांत चतुर धरायचा नाही, हे दात न फुटलेल्या पोरालाही माहीत आहे. पितर त्यांच्यावर बसून घरी येतात. माझा या गोष्टींवर विश्वास आहे असं नाही. पण मी धरत नाही. बाईंनीही आधीच सांगितलं, नुसतं बघायचं, हात लावायचा नाही.

जिन्पाचीने ऐकलं नाही. त्याला वाटलं, न्हाव्याचा हात, अलगद धरू, अलगद सोडू. आधी वरच्या तळ्यावर मोजणी होती, मीही गेले. (बघायला नको का?) त्याने सिमेंटच्या काठावर पवित्रा घेतला, रखवालदारासारखा तो मोठा चतुर आला, याने सपकन जाळी मारली आणि पकडला. त्या बाबतीत मान्य केलं पाहिजे, झकास मारली. पण मागून अशी किंकाळी आली की कचेरीवाल्याच्या हातातली पेन्सिल पाण्यात पडली. त्यांच्या वाडीतली ओताकी आजी, नव्वदी गाठलेली, थडग्यावर घालायचं पाणी घेऊन चालली होती. "मेल्या! माझा नवरा वर्षाने घरी आला आणि तू त्याला पिशवीत घालतोस?" हातातल्या पळीने तिने जिन्पाचीच्या पाठीवर जे वाजवलं! तो कोटाचे खिसे सांभाळत पळतोय, म्हणतोय, "आजी, हा चतुर आहे हो!" ती म्हणतेय, "तोही चतुरच होता, म्हणून तर तुझ्याकडे कधी केस कापायला आला नाही!" जाळी जप्त झाली. चतुराला म्हातारीने स्वतः सोडलं आणि वर त्याला म्हणाली, "जा, घरी भात मांडलाय."

त्यानंतर जिन्पाचीचा धीर खचला. दुर्बिणीतून जे दिसेल ते दाखवत सुटला. आणि वन्सं, तो क्षण आला, ज्यासाठी मी उन्हाळाभर काळी पडले. त्याने मोठ्या ऐटीत बोट दाखवलं: "हा मिठाचा. आणि तो काडाचा. दोन." नुसती आकाशाकडे बघून म्हणाले, "अरेरे, बिचाऱ्यांचा संसार मोडला." बाईंनी खाली मान घातली, पण खांदे हलत होते. एक जात कापली गेली.

मग आमच्या तळ्यावर. मी बाईंना बादलीवर बसवलं, स्वतः उभी राहिले, आणि बांबूंकडे बोट दाखवत गेले, जणू घरातल्या माणसांची ओळख करून देतेय. हा इथेच राहतो, हा शेजारी, ही जरा लाजरी आहे, थांबा येईल. आली! एकही चुकलं नाही. काडाच्या रंगाचा एक दाखवून मी म्हटलं, "ही बाई नव्हे, हा पोरगा आहे, अजून मीठ चढलं नाही." कचेरीवाला म्हणाला, "आजी, तुम्हाला कसं कळतं?" मी म्हटलं, "मीठ विकते मी." सगळी वाडी टाळ्या वाजवायला लागली. मग बाईंनी दोन्हीकडची बेरीज केली आणि त्यांचा चेहरा उतरला. बरोबरी.

बरोबरी म्हणजे हार. कचेरीवाल्याने टाय सैल केला, म्हणाला, "मग ठरल्याप्रमाणे वरचं." वाडीप्रमुख बांधाकडे बघायला लागले. मी ते बूच बघत होते. तिथे तुमच्या भावाच्या हाताने घासून गुळगुळीत झालेला लाकडी दांडा आहे अजून. मी एवढंच म्हटलं, "मला थडग्यावर पाणी घालायला जायचंय. तुम्ही काय बुजवायचं ते बुजवा." आणि बादली उचलून निघाले. बाई मागून आल्या. म्हणाल्या, "मीही येते, सावली आहे तिकडे." त्यांना माझ्याशी काहीतरी गोड बोलायचं होतं, मला ऐकायचं नव्हतं, म्हणून मी भराभर चालत होते.

आपली थडगी तुम्हाला आठवतातच, तळ्याच्या वरच्या झाडीत, दुपारीही गार. मी पाण्याची पळी उचलली आणि थांबले. तुमच्या भावाच्या दगडावर, नाव कोरलंय त्याच्या वरच्या काठावर, एक टाचणी बसली होती. हिरवी. तांब्याच्या भांड्यावर पोपटी रंगाची झाक यावी तशी धातूसारखी चमकत. बारीक शरीर, एकमेकांपासून लांब डोळे, सगळं टाचणीचं. पण पंख मिटलेले नव्हते. पसरलेलेही नव्हते. अर्ध्यावर. मी वैतागून म्हटलं, "हे काय? ना चतुर, ना टाचणी. एक काय ते ठरव की बाबा!" आणि वन्सं, तोंडातून शब्द गेला आणि माझी पळी हातातच राहिली. अर्ध्यावर नेलेला हात मी जन्मभर बघितलाय.

बाईंनी माझं मनगट घट्ट धरलं. कुजबुजल्या, "आजी, हलू नका. ही तुमच्या यादीत नाही." मग त्यांनी कचेरीवाल्याला हाक मारली. तो धापा टाकत आला आणि म्हणाला, "पण ही थडग्यावर आहे. तळ्यावर नाही. थडगी मोजायची नाहीत." तेव्हा त्या गरीब स्वभावाच्या बाईचा आवाज मी पहिल्यांदा चढलेला ऐकला. म्हणाल्या, ही टाचणी तळ्यातच जन्मते. ऊन तापलं की सावलीत येऊन राहते. शरदात परत जाते आणि पाण्यावर झुकलेल्या झाडाच्या कोवळ्या फांदीत, सालीच्या आत अंडी घालते. हिवाळाभर अंडी फांदीत राहतात, वसंतात पिल्लं टपाटपा पाण्यात पडतात. "वरच्या तळ्याचा काठ सिमेंटचा आहे. तिथे झुकलेलं झाड दाखवा, मी तिकडे मोजते." कचेरीवाल्याने जिन्पाचीकडे बघितलं. जिन्पाचीने सगळे खिसे चाचपले. कुठल्याच खिशात झाड नव्हतं. आमच्या तळ्यावर मात्र ती म्हातारी तुती आहे, अर्धी पाण्यावर आडवी झालेली.

एकाने जिंकलो! वाडीने मला उचलायचा प्रयत्न केला, मी पळी दाखवली. वाडीप्रमुख रडले. बांध पुढच्या वर्षी नवा होईल, बूच तेच राहील, ते मी बजावलंय. आणि जिन्पाचीचं नवल ऐका: तो आता सांगत फिरतो की त्यांना पहिल्यापासून गेटबॉलचं मैदानच हवं होतं. कालच येऊन दुर्बीण देऊन गेला. "तुम्हाला उपयोगी पडेल." मी घेतली. आता त्याच्या अर्ध्या चड्डीच्या दिशेला मी ती लावणार नाही, एवढी माणुसकी माझ्यात आहे.

बाकी सगळं ठीक. तब्येतीला जपा, उन्हात फिरू नका, गुडघ्यांना शेक द्या.

तुमची भावजय,
उमेनो

ता. क. बाई शरदात पुन्हा येणार आहेत, फांदीतली अंडी बघायला. साल फुगून बारीक ओरखड्यांची ओळ दिसते म्हणे. ती दिसली की मगच कचेरीचा शिक्का. हे वर लिहायचं राहिलं.

आणखी ता. क. ती तुती तुमच्या वाटणीच्या पट्ट्यात आहे. मला माहीत आहे, तुम्ही ती तोडायला माळ्याला सांगून ठेवलंय, मागच्या खेपेला तिच्या फळांनी तुमच्या रेशमी छत्रीवर डाग पडले म्हणून. तोकुझो माळी परवा करवत घेऊन आला होता. मी त्याला सांगितलं, ओसाकाच्या बाईसाहेबांनी बेत बदलला, झाड राहू द्या म्हणाल्यात. तर आता तेवढा बेत बदला, म्हणजे मी खोटी पडणार नाही. छत्री मी नवी घेऊन देणार नाही. डाग असलेल्या छत्रीने उन्हाचं काही बिघडत नाही. शरदात स्वतःच येऊन बघा. बादली एकच आहे, पण बसायला तुम्हाला देईन.

शेवटचं ता. क. आता तुम्ही विचाराल, सगळे खाली गेल्यावर मी थडग्यापाशी एकटी का थांबले होते, आणि त्या टाचणीशी काय बोलले. वाडीप्रमुखांच्या बायकोने विचारलं, मिनागावा बाईंनीही आडून आडून विचारलं. कुणालाही सांगितलं नाही. तुम्हालाही सांगणार नाही. विचारू नका. लोणच्याचा डबा तेवढा परत पाठवा.